अठ्ठावन्न हात

१२ जानेवारी २०२५, रविवार

इतिवृत्तात लिहिता येत नाही असं बरंच साठलंय, म्हणून ही वही काढली.

मी मंडळाची चिटणीस. दुबई-शारजातल्या अडीचशे मराठी कुटुंबांचं आमचं मंडळ. अकरा वर्षं मी त्याच्या सभांची इतिवृत्तं लिहिते आहे. 'ठराव एकमताने मंजूर' याच्या पलीकडे काही लिहायची वेळ कधी आली नाही, कारण अध्यक्ष राजाभाऊ होते. काल नवे अध्यक्ष आले.

राजाभाऊंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, म्हणून या वेळी ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी अनुपमाताई येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, अनुपमाताईंनाही. त्यामुळे त्यांनी फॉर्म एक दिवस उशिरा दिला. दरवर्षी कुणी ना कुणी उशिरा देतंच. पण रामेश्वर देवस्थळी नावाच्या गृहस्थांनी स्वतःचा फॉर्म वेळेत भरून ठेवला होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटची तारीख म्हणजे काय, एवढंच मला कुणीतरी सांगा." कुणालाच सांगता आलं नाही. देवस्थळी बिनविरोध अध्यक्ष. टाळ्या वाजवणारे चारजण होते. त्यातला एक माझा नवरा निखिल, तोही आता जेवण सुरू होईल या आशेने.

देवस्थळी जबल अलीत सेफ्टी ऑडिटर आहेत. गोदामांतून हिंडायचं, कुठल्या दारासमोर खोकी रचून ठेवलीत ते शोधायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे काम. माणसांकडेही तसंच बघतात.

परत येताना गाडीत मी राजाभाऊंबद्दलच बोलत होते. शुभ्राच्या शाळेच्या ॲडमिशनला आम्ही वेटिंग लिस्टवर एक्केचाळीसावे होतो. राजाभाऊंनी एक फोन केला आणि आठवड्यात काम खलास. मागच्या सीटवरून शुभ्रा म्हणाली, "सो हू वॉज नंबर फॉर्टी?" सोळा वर्षांची झालीय. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडते.

१९ जानेवारी, रविवार

कार्यकारिणीची पहिली बैठक. देवस्थळींनी मंडळाची घटना मागितली. मंडळाला घटना आहे हे मला माहीत होतं, पण ती असते कुठे हे नव्हतं. शेवटी राजाभाऊंच्या कपाटात सापडली. चौदा पानं. देवस्थळींनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. समोशांवर तुपाचा थर जमला.

दोन कलमांपाशी ते थांबले. कलम चार: कुटुंबासह अमिरातीत राहणारी मराठी व्यक्तीच सभासद होऊ शकते, आणि मंडळाच्या सगळ्या सेवा सभासदांपुरत्याच आहेत. कलम नऊ: नियमात न बसणाऱ्या प्रसंगी अध्यक्ष आपल्या विवेकाने निर्णय घेतील, तो अंतिम असेल, आणि त्याची कारणं देण्याचं बंधन त्यांच्यावर नसेल.

"हे नऊ फार विचित्र आहे," देवस्थळी म्हणाले.

"इतकी वर्षं काही अडलं नाही त्याच्यामुळे," अनुपमाताई म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. खरंच अडलं नव्हतं. राजाभाऊंचा विवेक चांगला होता.

घरी येऊन निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "मंडळ आहे की पार्लमेंट?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी ऑफिसमध्ये केरूचा फोन. जबल अलीच्या एका वेअरहाउसमध्ये तो फोर्कलिफ्ट चालवतो. गणपतीत मंडप बांधायला हा आणि त्याच्या लेबर कॅम्पमधले दहाबाराजण हमखास येतात. खाऊ-पिऊ घालून कंपनीच्या बसने परत पाठवतो आम्ही त्यांना.

"ताई, भिवा पडला," केरू म्हणाला. "लोडिंग करताना खाली बसला तो उठेच ना. उजवा हात-पाय गेला म्हणतात डॉक्टर. बोलणं पण गेलं."

भिवा संगमेश्वरकडचा. मला चेहरा आठवला: मंडपाच्या बांबूवर चढून बसलेला आणि खालच्यांना शिव्या देणारा.

जीव वाचलाय. आठवडाभरात व्हीलचेअरवर बसून विमानाने जाऊ शकेल असं डॉक्टर म्हणतात. कंपनी तिकिटं द्यायला तयार आहे, सोबतच्या माणसाचंही. पण हॉस्पिटलला एका संस्थेचं पत्र हवंय: रुग्णाला घरच्यांपर्यंत पोचवायची जबाबदारी आमची, बरोबर नर्स असेल. आमच्या मंडळाची सोबत समिती नेमकं हेच काम करते. दोन नर्सबाया आमच्या सभासद आहेत. पत्र नसलं तर कंपनीचा एजंट माणूस शोधेल, त्याला दोन महिनेही लागू शकतात.

"बघते, होऊन जाईल," मी सवयीने म्हटलं.

संध्याकाळी देवस्थळींना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते सभासद आहेत?"

"अहो, तो कॅम्पमध्ये राहतो. बायको-मुलं गावी."

"म्हणजे कलम चार."

"मग कलम नऊ वापरा ना! एक सही तर करायचीय."

ते म्हणाले, "नाही. मी उद्याच विशेष सभेची नोटीस काढतो. पंधरा दिवसांची मुदत लागते, म्हणजे तेवीस तारीख. कलम चार बदला. दुसऱ्या मिनिटाला पत्र देतो."

मी फोन ठेवला. असा राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. केरूला सुट्टी होती, तो आधीच येऊन बसला होता. भिवाचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालंय. मला बघून डावा हात उचलला. नमस्कार करायचा असावा, पण त्याला दोन हात लागतात.

तिथूनच त्याच्या बायकोला, नर्मदाला, व्हिडिओ कॉल केला. ती फोनच्या इतकी जवळ होती की नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं.

"ताई, जेवतात का वो?"

"पातळ खायला देतात. गिळता येतंय आता."

"मला बघून कायतरी बोलतील असं वाटलं." मग जरा थांबून, "आवाज नको, पण माणूस पाठवा. मी बोलेन दोघांचं."

मी म्हटलं, पाठवते. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

निघताना केरू लिफ्टपर्यंत आला. "तुम्ही आलात ताई, बरं वाटलं. मागल्या टायमाला कोण आलंच नव्हतं."

मी विचारलं, मागल्या कुठल्या? तेवढ्यात सिस्टरने त्याला हाक मारली. दुसऱ्या कुठल्या मंडळाबद्दल बोलत असेल. पुष्कळ मंडळं आहेत इथे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हॉट्सॲप ग्रुप पेटलाय. एरवी ज्यांचा वाढदिवसाच्या केकपलीकडे मेसेज नसतो, ते सगळे भिवासाठी लिहितायत. 'शरम वाटते.' 'हा माणूस अध्यक्ष म्हणून नको.' राजाभाऊंनी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच व्हॉइस मेसेज टाकला, आवाज थकलेला: "माझ्या काळात मराठी माणूस असा पडून राहिला नसता. मी एवढंच बोलतो." मी तीन वेळा ऐकला. रडू आलं.

अविश्वास ठराव आणायचं ठरलंय. दोनशे चौदा सह्या दोन दिवसांत. त्यासाठी घटना लागते, म्हणून मी चौदा पानांची पीडीएफ ग्रुपवर टाकली. आता जो तो ती वाचतोय. कुणी विचारतं, हिशेब तपासायला बाहेरचा माणूस का नाही? कुणी विचारतं, अध्यक्ष किती वेळा होता येतं, याला मर्यादाच नाही का? विनोदच आहे, अकरा वर्षं कुणाला हे वाचावंसं वाटलं नाही, आणि देवस्थळींचा राग आला म्हणून माणसं रात्रीचं जेवण सोडून कलमं वाचतायत.

शुभ्राच्या शाळेत डिबेट आहे. विषय असा की लोकांना न आवडणारा प्रेसिडेंट लोकशाहीच्या फायद्याचाच असतो, कारण तो त्यांना जागं करतो. मिसनी तिला बाजूने बोलायला सांगितलंय. ती माझ्याकडे पीडीएफ घेऊन आली. "मम्मा, दिस रूल वॉज ऑलवेज देअर, राइट? इव्हन विथ राजाभाऊ काका?"

"होता, पण ते तो वापरत नव्हते."

"दॅट्स नॉट द सेम ॲज नॉट हॅविंग इट."

मी तिला टेबल आवरायला सांगितलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा हॉस्पिटल. भिवाला फिजिओथेरपीला नेलं होतं, तेव्हा केरूबरोबर बाहेर बाकावर बसले आणि मुद्दाम विचारलं, मागल्या वेळी म्हणजे कधी?

केरू टाळत होता. मग सांगितलं. २०१९, उन्हाळ्यात. त्याच्या खोलीत विघ्नेश नावाचा मुलगा होता, गुहागरचा, पंचवीस-सव्वीसचा. स्कॅफोल्डिंगवरून पडला, कंबरेत मार. त्यालाही असंच पत्र हवं होतं. केरूने मंडळात फोन केला. दोनदा. नऊ आठवडे गेले. मग एजंटने कुणा परक्या माणसाबरोबर पाठवलं. विघ्नेशला हिंदीही धड येत नव्हती आणि त्या माणसाला मराठी. गावी पोचला तेव्हा पाठीला जखमा होत्या. आईने पहिल्यांदा ओळखलं नाही.

"फोन कुणी उचलला होता?" मी विचारलं.

केरू बाकावरून उठला. मग म्हणाला, "जाऊ दे ताई. तुमच्या काय लक्षात असणार."

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या लक्षात आहे.

काल दिवसभर नव्हतं. आज सकाळी डबे भरताना एकदम आलं. मी तेव्हा सत्वा भागातल्या सिग्नलला गाडीत होते. फोनवर कुणीतरी गावाकडच्या हेलात बोलत होतं, मी म्हटलं, बघते, होऊन जाईल. मग राजाभाऊंना सांगितलं. ते एका लग्नाच्या गडबडीत होते. म्हणाले, "कोण आहे तो? आपल्यापैकी कुणाच्या ओळखीचा आहे का?" मी म्हटलं, नाही वाटत. "मग बघू जरा." दुसरा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, नंतर करते असा मेसेज पाठवला. केला नाही.

त्याच महिन्यात राजाभाऊंनी कलम नऊ वापरून एका बँक मॅनेजरच्या सासऱ्यांसाठी नर्स पाठवली होती. सासरे व्हिजिट व्हिसावर आले होते. तेही सभासद नव्हते. त्याचं आभारपत्र मी वार्षिक अंकात छापलंय.

राजाभाऊ वाईट माणूस नाहीत. हे मला इथे लिहून ठेवायचंय. त्यांना ज्यांचं दुःख दिसलं, त्यांच्यासाठी ते धावले. जे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही ते कसं दिसणार? पण ते पोचवायचं काम माझं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसमधून सुटून देवस्थळींकडे गेले, सह्यांचे कागद द्यायला. तेही आमच्यासारखे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातच राहतात, चार बिल्डिंगा सोडून. त्यांच्या बायकोने, समिधावहिनींनी, चहा केला आणि त्या आत निघून गेल्या. बसा म्हणाल्या नाहीत. ग्रुप त्याही वाचतच असणार.

देवस्थळींनी दोनशे चौदा सह्या मोजल्या. "नियमात आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "तुमच्या तत्त्वापायी एक माणूस बारा दिवस पडून आहे. त्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं."

"मग?"

"मी सही केली असती तर भिवाचं काम झालं असतं. लोक म्हणाले असते, अध्यक्ष चांगला आहे. पुढचा माणूस आजारी पडला की त्याला परत अध्यक्ष चांगला असावा लागणार." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "हे मी बरोबर करतोय की नाही, मला नाही सांगता येत. हॉस्पिटलमध्ये जायची माझी हिंमत झालेली नाही."

मग मी त्यांना विघ्नेशबद्दल सांगितलं. मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. सिग्नलसकट.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "सभेत सांगाल?"

"माहीत नाही."

"मला तर काढतीलच. काढू देत. पण चार आणि नऊ, दोन्ही बदलायला हवीत. चार बदललं की भिवाचं पत्र निघतं, आणि नऊची गरज कुणाला राहत नाही. चारला मतं लागतील, दोनतृतीयांश. नऊ मांडायलासुद्धा एक अनुमोदक लागेल. मला कुणी देणार नाही."

"मी देईन," मी म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचं इतिवृत्त मी उद्या लिहीन. आधी इथे.

करामा भागातला हॉल भरून गेला होता. एकशे पंचावन्न सभासद, आमच्या इतिहासात कधीच नाहीत इतके. मागे भिंतीपाशी केरू आणि कॅम्पमधले आठजण उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कुणी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि ते आपणहून बसले नाहीत.

लोकांनी अविश्वास ठराव पहिला घ्यायला लावला. देवस्थळींविरुद्ध एकशे एक्केचाळीस हात. ते उठले, कागद गोळा केले आणि तिसऱ्या रांगेत जाऊन सभासद म्हणून बसले. कुणीतरी अध्यक्ष म्हणून राजाभाऊंचं नाव पुकारलं. राजाभाऊ काठी टेकत स्टेजवर आले तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. मीही. पाय आपोआप उठले.

"आता घटनादुरुस्तीचे विषय बाद समजू या," राजाभाऊ हसून म्हणाले. "मी आलोय. यल्ला, चला, जेवायला जाऊ."

मी माईक घेतला. "बाद नको. कलम चारची दुरुस्ती मी मांडते."

मग मी बोलले. २०१९, विघ्नेश, नऊ आठवडे, केरूचे दोन फोन, मी घेतलेला एक आणि न केलेला एक. राजाभाऊ काय म्हणाले तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, आज आपण ज्या नियमासाठी देवस्थळींना काढलं, तो त्यांनी केलेला नाही. तो आपल्याकडे पहिल्यापासून होता. देवस्थळींनी तो फक्त दाखवला.

राजाभाऊंचा चेहरा उतरला. "खरंच आठवत नाही गं मला," ते हळूच म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग माईकमध्ये म्हणाले, "विनिता मला मुलीसारखी आहे. मनाला लावून घेते. पण कॅम्पमध्ये हजारो माणसं आहेत. सगळ्यांना सभासद करून घेतलं तर मंडळ राहील का? कुणाला खरंच गरज असेल तर मी आहे ना?"

टाळ्या. मी आहे ना. अकरा वर्षं मला हे वाक्य किती उबदार वाटायचं.

चारला अनुमोदन देवस्थळींनी दिलं. बाजूने हात मोजले. अठ्ठावन्न. लागत होते एकशे चार. मी दोनदा मोजले.

मग देवस्थळी उभे राहिले. "कलम नऊ रद्द करावं, असं मी मांडतो."

"अनुमोदक?" राजाभाऊंनी विचारलं.

देवस्थळींनी माझ्याकडे बघितलं. मी मागे बघितलं. केरू भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याला कलमांमधलं काही कळत नसलं तरी आता आपल्या भिवाचं काहीतरी ठरतंय एवढं कळत होतं. चार तर पडलं होतं. आता भिवाला घरी नेणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे राजाभाऊंची सही, आणि ती कलम नऊमधूनच येणार होती. रद्द होणार नव्हतंच म्हणा. पण मी उभी राहिले असते तर राजाभाऊंनी त्या सहीकडे कसं बघितलं असतं? मला खात्री नव्हती. त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच खात्री नव्हती.

"अनुमोदक नाही? मग ठराव पडला."

मी बसून राहिले होते.

राजाभाऊंनी तिथेच, सगळ्यांसमोर, भिवाच्या पत्रावर सही केली. हॉल दणाणला. कुणीतरी शिट्टीही मारली. केरू पुढे येऊन त्यांच्या पाया पडला.

लिफ्टपाशी देवस्थळी एकटे उभे होते. समिधावहिनी आल्याच नव्हत्या. मी जाऊन उभी राहिले.

"पत्र निघालं ना?" त्यांनी विचारलं.

"निघालं."

"तुम्ही बसून राहिलात."

"हो."

लिफ्ट आली. त्यांनी दार धरून मला आधी जाऊ दिलं. तळमजल्यापर्यंत दोघंही आकड्यांकडे बघत राहिलो.

१ मार्च, शनिवार

मुंबईहून आज पहाटे परतले. रमजान सुरू झालाय, एअरपोर्टवर सामसूम.

काल मी आणि अन्वरी सिस्टर भिवाला घेऊन गेलो. अन्वरी रत्नागिरीची, आमच्या दोन नर्सपैकी एक. अख्ख्या प्रवासात ती भिवाशी बोलत होती: बघा भिवाभाऊ, ढग बघा, आता समुद्र बघा. त्याला उत्तर देता येत नव्हतं, पण मुंबई दिसायला लागली तेव्हा त्याने डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं.

बाहेर नर्मदा दिराबरोबर उभी होती. मला वाटलं रडेल. ती थेट व्हीलचेअरपाशी आली, भिवाच्या शर्टचं चुकीचं लागलेलं बटण काढून नीट लावलं आणि म्हणाली, "चला." मग आठवण आल्यासारखी माझ्याकडे वळली. "ताई, देवाजवळ कुणाचं नाव घेऊ? कुणी केलं हे?"

सही राजाभाऊंची. सभा बोलावली देवस्थळींनी. सतरा दिवस वाट बघायला लावली तीही त्यांनीच. रजा टाकून रोज हॉस्पिटलात बसला केरू.

"कुणाचंच घेऊ नका," मी म्हटलं. "हे तुमचं हक्काचं होतं."

तिला ते कळलं नाही. तिने मला आणि अन्वरीला हात जोडले आणि रुग्णवाहिकेत चढली.

३० मार्च, रविवार

आज पाडवा आणि ईद एकाच दिवशी. आंब्याची सात पानं पाच दिरहमला मिळाली, म्हणजे सव्वाशे रुपये झाले की पानांचे, असं निखिल तीनदा म्हणाला.

मंडळाचा कार्यक्रम जोरात झाला. राजाभाऊ आता काठीशिवाय चालतात. मला जवळ बोलावून म्हणाले, "रागावली नाहीस ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी श्रीखंडाची वाटी माझ्या हातात दिली. देवस्थळी आले नव्हते.

घटनेबद्दल कुणी बोलत नव्हतं. ग्रुपवर पुन्हा केक सुरू झालेत. शुभ्रा डिबेट जिंकली होती. तिला बक्षीस कोण देणार, राजाभाऊच. ती घेऊन आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आय डोन्ट थिंक आय बिलीव्ह माय ओन स्पीच." मी म्हटलं, पूर्ण खोटंही नाही गं ते. जागे होतात. पण कशाला जाग आली होती हे विसरून परत झोपतात. हे मी माझ्याबद्दलही बोलत होते.

दुरुस्ती पुन्हा मांडायची तर वार्षिक सभेआधी पंचवीस सभासदांच्या सह्या लागतात. सोपं आहे, मी म्हटलं. अठ्ठावन्न हात होते. मग लक्षात आलं, मी हात मोजले, नावं लिहिली नाहीत. आज कार्यक्रमभर माणसांचे चेहरे बघत होते: हा होता का? ही होती का? अनुपमाताईंजवळ जाऊन विचारलंच.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "होता माझा हात वर," त्या म्हणाल्या. "तू विघ्नेशचं सांगितलंस तेव्हा राहवलं नाही. पण विनिता, आता कशाला? आता राजाभाऊ आहेत."

६ एप्रिल, रविवार

आठवड्यात पाच सह्या. पहिली देवस्थळींची. त्यांच्याकडे गेले तेव्हा मी आधी माफी मागितली, त्यांनी आधी पेन मागितलं. समिधावहिनी या वेळी बसल्या माझ्याजवळ. दुसरी सही त्यांची. मग दोन्ही नर्सबाया. पाचवी एका तरुण मुलीची, जिला मी ओळखतही नव्हते. दोन्ही कलमं लिहिलीत मी अर्जात, चारही आणि नऊही. तीन जणांनी चारला हो आणि नऊला नको म्हटलं, त्यांच्या सह्या घेतल्या नाहीत.

आज दुपारी निखिल सोफ्यावर मॅच बघत होता. मी कागद घेऊन समोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच विचारलं, "त्या दिवशी तुझा हात वर होता का?"

सभेत तो माझ्या मागच्या रांगेत होता. हात मोजताना मी चेहरे बघितले नव्हते, आणि इतके दिवस मी विचारलंही नव्हतं. उत्तर नको होतं म्हणून असेल.

"नव्हता," तो म्हणाला.

मी कागद मागे घेतले.

"मला वाटलं, तू अपसेट आहेस म्हणून बोलतेयस. राजाभाऊंनी आपल्यासाठी इतकं केलंय..." त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. "कुठे सही करायची, दे."

"अशी नको," मी म्हटलं. "आधी वाच."

"सगळं? चौदा पानं?"

"सगळं."

त्याने सुस्कारा सोडला, चष्मा शोधला आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसला. शुभ्रा तिचा अभ्यास घेऊन समोरच्या खुर्चीवर होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग थांबला.

"विनिता," त्याने हाक मारली. "हे कलम नऊ. कारणं द्यायचं बंधन नाही म्हणे. हे आपण मान्य कधी केलं?"

"दर जानेवारीत," मी म्हटलं. "शेवटचा विषय असतो, घटना कायम करणे. जेवणाच्या आधी. आपण हात वर करतो."

तो पुन्हा पहिल्या पानावर गेला आणि सुरुवातीपासून वाचायला लागला. चहा निवला तरी मी त्याला घाई केली नाही.